टाच माझी, मत गावाचं

दिवेआगरला जवळपास चार किलोमीटरचा किनारा आहे आणि त्यावर अनवाणी चाललं की सगळी दुखणी पळतात. हे पुण्याहून आलेला प्रत्येक पाहुणा शनिवारी संध्याकाळी सांगतो आणि रविवारी जेवून गाडीत बसतो. आम्ही बारा महिने इथेच असतो, त्यामुळे आमच्या गावात एव्हाना कोणाचा पाय दुखायला नको होता. पाण्यापर्यंत पोचायला मधे सुरूचं बन लागतं आणि तिथे काटेरी बोंडं वाळूत अर्धी पुरलेली असतात, हे पाहुणा सांगत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात सुरूची झाडं धडाधड पडली. बोंडांचा तुटवडा काही जाणवला नाही.

माझी टाच दुखते. सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टेकलं की कळ मस्तकात जाते, जरा चाललं की ओसरते. तळव्याखालचा जाड पट्टा टाचेच्या हाडाला जिथे चिकटतो तिथे दुखावलेला असतो. तो रात्रभर आखडतो आणि सकाळी एकदम ताणला जातो. डॉक्टरांनी पोटरी आणि तळवा ताणायचे व्यायाम दिले, घरातही मऊ चप्पल वापरायला सांगितली, शिवाय काही महिने धीर धरायला. यात ना काढा, ना लेप, ना पथ्य. असल्या उपचाराला गावात मान नाही. "घरात चप्पल?" एवढंच काकू म्हणाली आणि देवघराकडे बघितलं.

१९९७ साली इथल्या एका सुपारीच्या वाडीत खणताना गणपतीचा सोन्याचा मुखवटा सापडला. तेव्हापासून लोक जमिनीखाली काय असेल याचा विचार करतात. जमिनीवर टेकलेल्या पायांकडे कोण बघतो? वाडीत शिंपण्याच्या ओलीत आणि पुढे चार महिने पावसात बोटांच्या बेचक्या पांढऱ्याफटक होऊन सोलतात. त्या चिखल्या. ही बहुतेक वेळा बुरशी असते. बेचक्या कोरड्या करायच्या आणि खाज थांबली तरी मलम सांगितलेल्या मुदतीपर्यंत लावायचं. इथे खाज थांबली की मलमाची ट्यूब फळीवर जाते आणि पुढच्या श्रावणात दगड होऊन सापडते.

भेगांच्या बाबतीत मात्र गावाचं ऐकावं. कोकमतेलाचा पांढरा गोळा पळीत वितळवायचा आणि कोमट थेंब धुतलेल्या टाचेच्या भेगेत सोडायचा. तो जागच्या जागी थिजतो आणि कातडी मऊ पडते. रात्री मोजे घालावेत. मग अंथरुणाला वास येतो म्हणून घरात बोलणी बसतात, ती खावीत.

कुरूप म्हटलं की शेजारी ब्लेड घेऊन हजर. कुरूप दाबाने होतं, म्हणजे दोष चपलेचा. चामखीळ विषाणूने होते, खरवडली तर त्यात काळे ठिपके दिसतात. शेजाऱ्याला दोन्ही सारखीच, दोन्हींवर बिब्बा. बिब्ब्याने कातडी भाजते. मधुमेहामुळे पाय बधिर झालेल्या माणसाला ते कळतही नाही, आणि जखम चिघळली की पायावर बेतते. शेजाऱ्याच्या मते कळलं नाही म्हणजे गुण आला.

पोरांचे पाय तर सार्वजनिक मालमत्ता. दोन वर्षांच्या पोराचा तळवा सपाट दिसला की घरात सुतक. त्या वयात बहुतेकांचा सपाटच असतो. मूल चवड्यांवर उभं राहिल्यावर कमान दिसली आणि पाय दुखत नसला, तर काही करायचं नसतं. तरी महागडे बूट येतात. उलट जन्मतः पाऊल आत वळलेलं असलं की "तेल लावा, होईल सरळ." तिथे पहिल्या काही आठवड्यांतच पोन्सेटी पद्धतीची प्लास्टर सुरू करायला हवीत. ती दर आठवड्याला बदलतात आणि पुढे काही वर्षं रात्री पट्टीचे बूट घालतात. घाई करायची तिथे गाव निवांत असतं.

शाळेचे बूट वाढत्या पायाचे म्हणून दोन नंबर मोठे घेतात आणि पुढे कापूस कोंबतात. टाच सुटते, बोटांना फोड येतात. कापूस काढायची वेळ येईतो बुटाला तळ उरलेला नसतो. मग तो धाकट्याला मिळतो.