नवलेखकाची मशागत

लेखनाची सवय लावून घेण्याची पहिली पायरी म्हणजे खरेदी. नंदुरबार जिल्ह्यातल्या कळसाडीसारख्या गावात ती तालुक्याच्या फेरीत उरकली जाते. बियाणे आणायला गेलेला माणूस पिशवीतून जाड पुठ्ठ्याची वही, एक निळे पेन, एक काळे पेन आणि चुका दुरुस्त करायला एक लाल पेन काढतो, तेव्हा घरात थोडा वेळ शांतता पसरते. वहीच्या पहिल्या पानावर वर मधोमध ‘श्री’ येतो, उजवीकडे तारीख येते, आणि त्या दिवसाचे लेखन तिथेच संपते. लाल पेनाला काम मिळत नाही, कारण दुरुस्त करण्याइतके काही झालेलेच नसते.

या खरेदीला परंपरेचा आधार आहे. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास लेखनक्रियेवरच आहे. अक्षर वाटोळे आणि सुटे असावे, ओळी सरळ असाव्यात, पानाच्या कडेला जागा मोकळी सोडावी, असे सांगत समर्थ शाई, लेखण्या, चाकू आणि कागदापर्यंत जातात. समासाविषयी समासातच सांगण्याचा हा योग मराठीतच साधावा. ऐन तारुण्यात बारीक अक्षर काढू नये, म्हातारपणी ते कामाला येत नाही, असाही इशारा तिथे आहे. चष्म्याच्या नंबराची इतक्या आधी काळजी घेणारे मार्गदर्शन दुर्मीळच. मात्र समर्थांनी ही सामग्री लिहिणाऱ्यासाठी सांगितली. नवलेखक ती जमवण्यालाच लेखन समजतो आणि एखादे पेन कमी पडले की पुढच्या बाजारापर्यंत साहित्यसेवा स्थगित ठेवतो.

दुसरी पायरी संकल्पाची. सवय २१ दिवसांत लागते, असे नवलेखकाने कुठेतरी ऐकलेले असते. या आकड्याचे मूळ मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकन शल्यविशारदाच्या १९६० सालच्या पुस्तकात सापडते. चेहऱ्यावर शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाला नव्या रूपाची सवय व्हायला निदान २१ दिवस जातात, असे त्याचे निरीक्षण होते. त्यातला ‘निदान’ वाटेत गळाला आणि नाकाचा हिशेब लेखणीला लागू झाला. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर पाहणी केली. पाणी पिणे, फळ खाणे, धावणे असल्या साध्या सवयीही अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात, आणि माणसामाणसांत हा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलतो, असे त्यांना आढळले.

कळसाडीच्या शेतकऱ्याला हे आकडे समजावून सांगावे लागत नाहीत. ६६ दिवसांत मूग हाती येतो. २५४ दिवसांत पपई तोडणीच्या आसपास पोहोचते. २१ दिवसांत फार तर मेथीची जुडी बांधता येते, आणि नवलेखकाचे पहिले लेखन बहुतेक वेळा त्याच जातीचे असते: कोवळे, हिरवेगार आणि संध्याकाळपर्यंत मान टाकणारे. एखादा दिवस चुकल्याने सवय मोडत नाही, असेही लॅलींच्या पाहणीत दिसले. सगळ्या संशोधनातला हा एकच निष्कर्ष नवलेखक तत्काळ आत्मसात करतो. ‘एखादा’ या शब्दाचा अर्थ तेवढा सैल ठेवतो.

वेळेच्या बाबतीत सर्व मार्गदर्शकांचे पहाटेवर एकमत असते. हे मार्गदर्शक म्हशी पाळणारे नसावेत. गावात पहाट ही आधीच वाटून गेलेली असते: धारा, शेण, चारा, दूध घालायला जाणे, आणि या सर्वांच्या मध्ये चहा. तेव्हा वही उघडून शून्यात पाहणारा माणूस ‘काय लिखी राह्यना भो?’ या प्रश्नाला पात्र होतो, आणि ज्या लेखनाला अजून विषयही सुचलेला नाही त्याचा सारांश त्याला उभ्या उभ्या द्यावा लागतो.

त्यापेक्षा भरवशाचे वेळापत्रक शेतीपंपाच्या विजेचे. ती पाळीने मिळते. कधी दिवसाची पाळी, कधी रात्रीची. रात्रीच्या पाळीत माणूस बॅटरी आणि काठी घेऊन पाणी भरायला जातो. एका सरीत पाणी सोडले की ते दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत त्याला करण्यासारखे काही नसते. मग पाणी पुढच्या सरीत वळवायचे आणि पुन्हा बांधावर येऊन बसायचे. इटलीच्या फ्रान्चेस्को चिरिल्लो याने १९८० च्या दशकात टोमॅटोच्या आकाराचे स्वयंपाकघरातले घड्याळ लावून २५-२५ मिनिटे काम करण्याची पद्धत काढली; तिचे ‘पोमोडोरो’ हे नाव म्हणजे इटालियन भाषेतला टोमॅटोच. सरी ही त्याहून सरस पद्धत आहे. घड्याळाकडे दुर्लक्ष करता येते, पण फुटलेल्या सरीतून शेजाऱ्याच्या शेतात गेलेल्या पाण्याकडे शेजारी दुर्लक्ष करू देत नाही. एका सरीत एक परिच्छेद, हे प्रमाण साधारणपणे बसते. भारी काळ्या जमिनीत परिच्छेद जरा लांबतात. ठिबक बसवलेल्या शेतात पाण्याची बचत होते आणि साहित्याची हानी.

वेळ मिळाला की विषयाची अडचण उभी राहते. पहिला लेख ‘पाऊस’ किंवा ‘माझे गाव’ यांवर असतो आणि त्यात गाव निसर्गरम्य असते. ते नदीच्या कुशीत वसलेले असते, पक्षी किलबिलाट करतात आणि माणसे भोळीभाबडी असतात. ही माणसे कोण, हे भाऊबंदकीचा दावा लढवणाऱ्या गावकऱ्यांना ओळखता येत नाही. शाळेत दहा वर्षे घोटलेला निबंध हाताला इतका सरावलेला असतो की डोळ्यांना काम उरत नाही. नंदुरबारच्या आसपास हंगामात मिरचीच्या पथाऱ्या पडतात. नजर जाईल तिथवर लाल जमीन, आणि शेजारून जाणारी एसटी खिडक्या बंद करूनही शिंकत असते. नवलेखक त्याच एसटीत बसून, नाकाला रुमाल लावून, ‘सोनेरी सूर्यकिरणे’ हे शब्द जुळवत असतो. शिंक त्याला साहित्यबाह्य वाटते. तिच्यावर पाच ओळी लिहायला बसल्यावर मात्र कळते की पथारीवर दिवसभर राबणाऱ्या बायका तोंडाला काय बांधतात, हे आपण नीट पाहिलेलेच नाही. मग पुन्हा जाऊन पाहावे लागते. लेखनाच्या अभ्यासातला मोठा भाग हा असा पायी करायचा असतो.

भाषेची गोष्टही जवळपास अशीच. जिल्ह्यात अहिराणी, भिल्ली, पावरी, गुजर अशा बोली घरोघरी चालतात, पण लेखणी हातात येताच माणूस ‘सदर’, ‘तद्वत’ आणि ‘याप्रसंगी’ बोलू लागतो. ओट्यावर ज्याच्या गोष्टीला लोक पोट धरून हसतात, त्याचा तोच किस्सा कागदावर तहसीलदाराला दिलेल्या अर्जासारखा दिसतो. वास्तविक खानदेशात उलटी उदाहरणे ठळक आहेत. शहादा तालुक्यातले वाहरू सोनवणे यांची ‘गोधड’ ही भिल्लांच्या जगण्यातून आलेली कविता. बहिणाबाई चौधरी यांना तर लिहिता-वाचताच येत नव्हते. घरात आणि शेतात काम करता करता रचलेली त्यांची गाणी मुलगा सोपानदेव आणि इतर आप्तांनी टिपून ठेवली, आणि त्यांच्या निधनानंतर १९५२ साली त्यांचे पुस्तक झाले. पेनांच्या तीन रंगांचा प्रश्न त्यांच्यापुढे कधी आलाच नाही.

शुद्धलेखनाचा विषय थोडक्यात आटोपता येतो, कारण नवलेखकही तो तसाच आटोपतो. १९६२ साली चौदा नियम झाले, १९७२ साली त्यांत चारांची भर पडून ते अठरा झाले. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहावा, हा त्यांतला एक. आणि ‘आणि’ला त्यातून सूट आहे. लेखातला सर्वांत जास्त वेळा येणारा शब्दच अपवाद निघावा, हे नशीब. उरलेले काम मोबाइलचा कळफलक स्वतःच्या मर्जीने करतो. ‘बैल’ लिहायला गेले की तो ‘बेल’ सुचवतो, आणि पोळ्याच्या लेखात शिंगांना रंग लावलेली बेल अंगणात उभी राहते.

सवय, वेळ, विषय आणि भाषा या चारही गोष्टी एकत्र कशा येतात, हे पाहायला अमळनेरला जावे लागते. १९२४ साली साने गुरुजी तिथल्या शाळेत शिक्षक झाले आणि पुढे वसतिगृहाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. मुलांसाठी त्यांनी एक हस्तलिखित दैनिक चालवले. छापखाना नाही, वर्गणीदार नाहीत. वाचक म्हणजे त्याच छपराखाली झोपणारी पोरे. पण दैनिक म्हणजे दैनिक. मुलाला आजचा अंक हवा असतो; संपादकाला प्रतिभेची वाट पाहायची आहे, ही सबब पोरांपुढे चालत नाही. पुढे १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते टिपून घेत. ‘गीता प्रवचने’ आपल्यापर्यंत आली ती या टिपणामुळे. त्यानंतर नाशिकच्या तुरुंगात, फेब्रुवारी १९३३ मध्ये, त्यांनी ‘श्यामची आई’ पाच दिवसांत लिहून काढली.

नवलेखकाला या सगळ्यातले ‘पाच दिवस’ तेवढे पाठ असतात. त्याआधीचे रोजचे अंक आणि दुसऱ्याचे बोलणे शब्दन् शब्द पकडण्याचे ते रविवार मोजणीत धरले जात नाहीत. तुरुंगातल्या निवांतपणाचाही काही जणांना हेवा वाटतो; तो मिळवण्याची तयारी मात्र आढळत नाही.

वसतिगृहातल्या पोरांची जागा कळसाडीत नातेवाइकांचा मोबाइलवरचा गट घेतो. तिथे लेख टाकला की मिनिटभरात अंगठे येतात. एके काळी अंगठा उठवणे ही निरक्षराची खूण होती. आता साक्षर वाचक तो उठवतो, आणि तोही लेख न वाचता. मामा हात जोडतात. कुणीतरी त्याखाली वाढदिवसाच्या शुभेच्छा देते, कारण त्याने वरचा मजकूर पाहिलेला नसतो. या दादेवर नवलेखक आठवडाभर जगतो आणि त्या आठवड्यात काही लिहीत नाही.

खरा वाचक संध्याकाळी ओट्यावर भेटतो. तो बहुधा सत्तरीतला असतो. त्याने लेख स्वतः वाचलेला नसतो, नातवाकडून वाचून घेतलेला असतो, त्यामुळे कुठे वाक्य अडखळले आणि कुठे नातू दमला, हे त्याला नेमके ठाऊक असते. निसर्गरम्य भागात त्याला डुलकी लागलेली असते. तो शैलीबद्दल काही बोलत नाही. तंबाखू मळत मळत एवढेच सांगतो की लेखातली ती विहीर आप्पांची नव्हे; ती नानांची, आप्पांनी ती फक्त पाण्याच्या भांडणात जिंकली. भांडण कशावरून झाले, हे सांगायला त्याला दोन चहा लागतात. रात्री विजेची पाळी असते. पहिल्या सरीत पाणी सोडून नवलेखक दुरुस्ती म्हणून दोन ओळी लिहायला बसतो, आणि अकराव्या सरीपर्यंत दुसरा लेख झालेला असतो.