बिजागरीवरचा आकडा

दुर्बिणीतून लांबचे पाहावे, असा लोकांचा समज आहे. जुन्या जपानी दुर्बिणी जमवणारा माणूस मात्र भिंग घेऊन दुर्बीणच न्याहाळत बसतो. जालन्यात उन्हाळ्याच्या दुपारी गच्चीच्या जिन्यात, दिव्याखाली, डोळा मिचकावून असे बसले की शेजारचे विचारतात, "काय दिसतंय का हो काका?" आपण म्हणतो, "जेबी." यावर पुढे कोणी काही विचारत नाही.

या दुर्बिणी आपल्याकडे आल्या त्या बहुतेक आखातात नोकरीला गेलेल्यांच्या बॅगेतून. टेपरेकॉर्डर आणि घड्याळ यांच्या मधे एक जागा उरे, तिथे ही बसे. पहिले आठ दिवस साऱ्या गल्लीने ती डोळ्याला लावायची, नंतर ती कपाटात. तिथून भंगारात, नाहीतर मुंबईच्या चोरबाजारात. कातडी पेटीला बुरशी, आतल्या वंगणाचा डांबरासारखा गोळा, आणि एखादा लोलक सरकलेला, त्यामुळे एका चंद्राचे दोन. आमच्याकडच्या एका यंत्रातून मोती तलावावरचे हळदीकुंकू बदक पाहिले की जोडीनेच दिसते. घरच्यांच्या मते हा दोष नाही, ते शुभ आहे.

वर '7×50' असे लिहिलेले असते. सातपट जवळ, आणि पुढचे भिंग 50 मिलिमीटरचे. 50 ला 7 ने भागले की साधारण 7 मिलिमीटर येतात. मागून उजेडाचा तेवढ्या रुंदीचा झोत बाहेर पडतो. अंधारात तरुण माणसाची बाहुली जवळपास तेवढी उघडते. साठीनंतर ती पाचाच्या आसपास अडते आणि निम्मा उजेड बुबुळावर सांडतो. म्हणजे हौस करायला सवड मिळते त्या वयात हौशीचा अर्धा माल वाया. तरीही माणसे 7×50 च घेतात. हातात वजनदार लागते ना!

खरा घोळ नावाचा. दुर्बिणीवर ठसठशीत नाव असते ते विकणाऱ्याचे. अमेरिकेतल्या बुशनेलने 1948 मध्ये जपानहून दुर्बिणी आणून आपल्या नावाने विकायला सुरुवात केली. पुढे टास्को आणि इतर कितीतरी नावे आली. एकाच कारखान्याची दुर्बीण चार देशांत चार नावांनी विकली गेली. करणारे बसले होते टोकियोच्या इताबाशी भागात. 1917 मध्ये स्थापन झालेली निप्पॉन कोगाकु, म्हणजे आजची निकॉन, जपानी आरमारासाठी काम करी. 1932 ची टोकियो कोगाकु भूदलासाठी. दुसरे महायुद्ध संपले, तोफा गेल्या, पण भिंगे घासणारे हात शिल्लक राहिले. त्यातून इताबाशीत लहान लहान कारखाने उभे राहिले. कोणी भिंग घासतो, कोणी लोलक करतो, कोणी सांगाडा ओततो, आणि भलताच कोणी जुळणी करतो. 1952 पर्यंत जपान दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात होता. त्या काळच्या कित्येक दुर्बिणींवर 'मेड इन ऑक्युपाईड जपान' असे कोरलेले सापडते. ताबा मिळवणाऱ्यांनीच त्या विकत घेतल्या, ही त्यातली गंमत.

पुढे 1957 मध्ये जपानने निर्यात तपासणीचा कायदा केला. माल तपासून त्यावर सोनेरी अंडाकृती 'पास्ड' चिकटवायची पद्धत पडली. कारखान्यांना आकडे मिळाले. बिजागरीवर किंवा तिच्या आसपास 'जेबी' किंवा 'जेई' आणि पुढे आकडा, एवढीच करणाऱ्याची सही. ही सही वाचायची, आणि जगभरच्या हौशींनी जमवलेल्या यादीशी ताडून पाहायची. कधी कारखाना सापडतो, कधी यादीत त्या आकड्यापुढे कोरी जागा असते. कोरी जागा आली की या छंदातल्या माणसाला जेवण गोड लागत नाही.

जालनेकराला हा प्रकार नवा वाटू नये. बद्रीनारायण बारवाल्यांनी 1964 मध्ये इथे महिको ही बियाणे कंपनी सुरू केली, तेव्हापासून हे गाव बियाण्यांचे. कपाशीचे संकरित बी तयार करायचे तर एकेका कळीतले पुंकेसर हाताने काढायचे, दुसऱ्या दिवशी तिच्यावर दुसऱ्या वाणाचे पराग टेकवायचे. आसपासच्या खेड्यांतल्या बायांची बोटे दिवसभर हेच करतात. पाकिटावर फोटो आणि कंपनीचे नाव झोकात, आणि कोपऱ्यात बारीक लॉट नंबर. इताबाशी फार लांब नाही.

बारीक खुणेवरून ताडायचा धडा घ्यायचा तर आमच्याच जिल्ह्यात, भोकरदनच्या बाजूला, असई आहे. 23 सप्टेंबर 1803 रोजी इंग्रजांचा सेनापती वेलस्ली मराठ्यांच्या फौजेवर चालून जाताना केळणा नदीपाशी आला, तेव्हा वाटाड्यांनी इथे उतार नाही म्हणून हात वर केले. त्याला अलीकडे पिंपळगाव आणि पलीकडे वरूड समोरासमोर दिसले. दोन गावे अशी वसली आहेत तर माणसे ये-जा करणारच, म्हणजे उतार असणारच, असा त्याने तर्क केला, आणि उतार निघाला. गावे वाटाड्यांनाही दिसतच होती. त्याचा जय आपल्याला गोड वाटायचे कारण नाही, पण पाहणे म्हणून हे पहिल्या प्रतीचे. जेबीचा आकडा हाती घेऊन बसणाऱ्याने हे गाव एकदा पाहून यावे. दुर्बीण नेली नाही तरी चालेल.

तुमच्या माळ्यावर अशी एखादी पडली असेल तर वरचे नाव वाचून हुरळू नका आणि नाक मुरडून भंगारातही देऊ नका. बिजागरी मऊ फडक्याने पुसा, रॉकेल लावू नका, अक्षरे उजेडात तिरकी धरून वाचा आणि आकडा टिपून ठेवा. पेटीही टाकू नका. आणि दुर्बिणीतून सूर्याकडे पाहू नका, डोळा कायमचा जातो.