बिचारे म्हणे!

अहो वहिनी, ऐकलंत का? जरा अशा कुंपणाजवळ या. हे आत मॅच बघताहेत, कानावर गेलं तर पुन्हा सुरू होतील.

काल आमच्याकडे लंडनचे पाहुणे होते ना, ह्यांच्या ऑफिसातला तो... जाऊ दे, नाव नको घ्यायला. मोटार रेसिंगचा जणू ठेकाच ह्याच्याकडे, असं बोलतो. पलीकडचे टोपीवाले म्हातारबुवाही मुद्दाम बोलावले होते जेवायला. तर जेवता जेवता हा म्हणतो, "बिचारा स्टर्लिंग मॉस! सगळी हयात गेली, पण वर्ल्ड चॅम्पियन काही झाला नाही." बिचारा! आमच्या घरात! ह्यांचा चेहरा असा पडला की मी आमटीची वाटी हातात धरून तशीच उभी. म्हातारबुवांनी चमचा खाली ठेवला, रुमालाने मिशा पुसल्या आणि अगदी शांतपणे म्हणाले, "आमच्याकडे जिंकलाय तो. लॉनमोअरवर." पाहुण्याला वाटलं जोक आहे. मोठ्याने हसला. आणि दुसरं कुणीच हसेना. आता ह्याला म्हणावं बिचारा!

तुम्हाला विझबरो ग्रीन गावच्या लॉनमोअर शर्यतींची गोष्ट नव्याने काय सांगायची. तो हिरव्या मैदानासमोरचा क्रिकेटर्स आर्म्स पब, तिथेच तर सगळं घडलं. 1973 साल. जिम गॅविन म्हणून तो आयरिश माणूस, रॅलीचा नाद असलेला, दोस्तांबरोबर बसला होता बिअर घेऊन. रडगाणं एकच, की मोटारींच्या शर्यती आता पैसेवाल्यांच्या झाल्या, जिकडे तिकडे स्पॉन्सर, आपल्यासारख्यांनी काय करायचं? आणि समोर मैदानावर माळीबुवा गवत कापताहेत. झालं! मोअर तर प्रत्येकाच्या शेडमध्ये असतोच की. कुणा मर्फीच्या शेतात शर्यत ठरली, तर म्हणे जवळजवळ 80 मोअर हजर. बायकांनी घरी काय बोलणी दिली असतील, ते मात्र कुठे लिहून ठेवलेलं नाही...

तर काय सांगत होते, पैसे. नियमच तो. स्पॉन्सर नाही, रोख बक्षीस नाही, वर उरेल ते धर्मादायाला. आणि इंजिनाला हात लावायचा नाही, जसं आलं तसं. पाती मात्र काढून टाकायची, नाहीतर शर्यत राहील बाजूला आणि... नकोच ते. आता इंजिनाला हात लावायचा नाही म्हटल्यावर ही माणसं गिअर बदलतात, आस मजबूत करतात, आणि तेच गवत कापायचं यंत्र ताशी 50 मैलांपर्यंत पळवतात. 80 किलोमीटर हो! ज्यावर बसून आमचे हे रविवारी दोन वाफे कापायला अख्खी सकाळ लावतात!

आणि आता बघा गंमत. सर स्टर्लिंग म्हणजे पैशाला किती पक्के! मी नाही हं म्हणत, सगळं इंग्लंड म्हणायचं, आणि ते स्वतःही त्यावर हसायचे. रेसिंगमध्ये स्वतःचं नाव कसं विकायचं ते आधी त्यांनाच कळलं. असा माणूस येतो कुठे, तर जिथे दमडी मिळत नाही तिथे! नुसता फीत कापायला नाही आला, शर्यतीत उतरला. मोअरवाल्यांची ब्रिटिश ग्रां प्री जिंकली, आणि ती बारा तासांची रात्रीची शर्यतसुद्धा जिंकली. त्यात जोडीला डेरेक बेल. तोच, ल मान्सची शर्यत पाच वेळा जिंकलेला. तो तर आपल्या ससेक्सचाच, पॅगमकडचा. आणि सिनेमातला ऑलिव्हर रीड, तोही नेमाने टीम उतरवायचा. त्याच्या टीमच्या तंबूत काय काय चालायचं, ते मी कुंपणावरून नाही सांगायची.

बारा तासांची तुम्ही अजून पाहिली नाहीत ना? संध्याकाळी आठला सुरू, सकाळी आठला संपते. सुरुवात ल मान्ससारखी. मोअर एका बाजूला ओळीत उभे, आणि सगळे हेल्मेट घालून धावत धावत जाऊन त्यावर उड्या मारतात. त्यात एखादा पोटवाला असला की बायकांची हसून पुरेवाट. अंधार पडला की दिवे लावतात, आणि ते दिवे शेतात नुसते वरखाली नाचत असतात, कारण खाली स्प्रिंगच नाही! खड्डा आला की माणूस सीटवरून वीतभर वर. पहाटेपर्यंत धुळीने तोंड असं माखतं की नवरा ओळखायचा तो बुटांवरून. क्रिकेटच्या मैदानावरचे ते रोलरवाले जुने मोअर असतात ना, त्यांच्यामागे एक बसायची गाडी जोडलेली, त्यांचा तर वर्गच वेगळा. आणि एका वर्गात बसायचंच नाही, मोअरमागे पळायचं. ह्यांनी तोच निवडायचा म्हटलं होतं एकदा. मी म्हटलं, आधी दूध आणायला कोपऱ्यापर्यंत पळून दाखवा.

तर... हो, बिचारे. अहो, ज्या माणसाने 1955 मध्ये मिल्ले मिलिया जिंकली, इटलीतले हजार मैल दहा तास सात मिनिटांत, शेजारी तो दाढीवाला जेन्किन्सन रस्त्याच्या खुणा लिहिलेली कागदाची गुंडाळी उलगडत बसलेला, त्याच माणसाने आपल्या ससेक्सच्या एका शेतात रात्रभर गोल गोल फिरायचं, आणि तेही मनापासून! म्हातारबुवा म्हणतात, तिथे कुणी त्यांना "सर" म्हणून बाजूला बसवलं नाही. आणि तेव्हा ते "सर" झालेही नव्हते म्हणा, तो मान 2000 सालचा. 

आणि चॅम्पियन झाले नाहीत ते का, हे त्या पाहुण्याला कुणी विचारावं? मीच विचारलं. गप्प! 1958 चं तुम्हाला माहीत आहेच. पोर्तुगालच्या शर्यतीत त्यांच्या प्रतिस्पर्ध्याची, हॉथॉर्नची, गाडी फिरली, बंद पडली, आणि त्याने ती उलट्या दिशेने ढकलत सुरू केली. पंच म्हणाले, बाद! तेव्हा साक्षीला उभं कोण राहिलं? मॉस! ज्याची त्याच्याशीच चुरस तो! म्हणाले, गाडी रस्त्यावर नव्हती, फुटपाथवर होती, त्याला बाद करू नका. हॉथॉर्नचे गुण राहिले. आणि वर्षाच्या शेवटी हॉथॉर्न 42, मॉस 41. एका गुणाने! वर्षभरात मॉसच्या चार शर्यती जिंकलेल्या, त्याची एक. हे सांगितल्यावर पाहुण्याने पाण्याचा पेला उचलला तो खाली ठेवेचना. आणि हॉथॉर्नचं तरी काय, पुढच्याच जानेवारीत इथे गिल्डफर्डजवळ गाडीच्या अपघातात गेला. बिचारा म्हणायचं तर त्याला म्हणा.

मला विचाराल तर साक्ष देऊन विजेतेपद सोडणारा माणूस आणि फुकट मोअर पळवणारा माणूस एकच असणार, यात नवल ते काय? ह्यांना हे पटत नाही. हे म्हणतात, मोअरवर ते नुसते मौज म्हणून आले. असेल. पण मौज म्हणून बारा तास कोण बसतो हो त्या सीटवर?

आणि एक सांगते, हे मात्र आपल्या दोघींत. गुडवुडचा ट्रॅक इथून किती लांब? गाडीने जाऊन परत येऊन स्वयंपाक होईल. 1962 मध्ये ईस्टरच्या सोमवारी तिथेच मॉसचा तो भयंकर अपघात झाला. महिनाभर शुद्ध नाही, डावं अंग सहा महिने लुळं. वर्षाने पुन्हा गुडवुडलाच गाडी चालवून पाहिली, आणि कळलं की पूर्वी जे हातातून आपोआप व्हायचं, ते आता विचार करून करावं लागतंय. तेव्हाच थांबले. अपघात झाला तेव्हा बत्तिशी होती त्यांची, वय म्हणते हं मी, दात नव्हे, दातांचा धंदा वडिलांचा! ज्या ससेक्सने हातची शर्यत हिसकावली, त्याच ससेक्सात लॉनमोअर घेऊन यायचं... म्हातारबुवा हे सांगताना खिडकीबाहेर बघायला लागले, आणि मी लगेच श्रीखंड पुढे केलं. दुसरं काय करणार?

त्यांचं घर मात्र बघण्यासारखं होतं म्हणे, लंडनच्या मेफेअरमधलं. सगळं बटनावर. टॉयलेटची सीटसुद्धा गरम! आणि लिफ्ट कार्बन फायबरची, विल्यम्सच्या रेसिंगवाल्यांनी करून दिलेली. त्याच लिफ्टने घात केला. 2010 मध्ये दार उघडलं, पाऊल टाकलं, आणि आत लिफ्टच नाही! तीन मजले खाली. दोन्ही घोटे मोडले, वय 80. आणि पुढच्या वर्षी पुन्हा रेसच्या गाडीत! ल मान्सला जाऊन आले आणि म्हणाले, आज माझी मलाच भीती वाटली, आता पुरे. लेडी सूझीने एवढी वर्षं काय काय पाहिलं असेल, तीच जाणे. तिसरी बायको ती, पण टिकली ती चाळीस वर्षं.

गेले तेव्हा नेमका लॉकडाऊन. 2020, 12 एप्रिल, ईस्टरचा रविवार, नव्वदाव्या वर्षी. सूझी म्हणाली, एक फेरी जरा जास्तच झाली, त्यांनी फक्त डोळे मिटले. पबही बंद, त्यामुळे क्रिकेटर्समध्ये कुणाला त्यांच्या नावाने ग्लाससुद्धा उंचावता आला नाही. म्हातारबुवा म्हणाले, "मी शेडमध्ये गेलो, मोअर चालू केला आणि पाच मिनिटं तसाच ठेवला." शेजारीण ओरडली म्हणे, संचारबंदीत गवत कापता का म्हणून! कोण शेजारीण ते विचारू नका. हो, तीच, कोपऱ्यावरची.

तर ह्या उन्हाळ्यात चला आमच्याबरोबर, बारा तासांच्याला. चटई मी घेते, तुम्ही थर्मास आणा, आणि स्वेटर विसरू नका, पहाटे तीनला दात वाजतात. बटाटेवडे मीच करीन, पण चटणी तुमची. आणि भावोजींना सांगून ठेवा, ती पांढरी पँट घालून येऊ नका म्हणून. मागच्या वेळी ह्यांची होती. तिचे डाग अजून निघाले नाहीत.