पडेपर्यंतचं काय?

चार वर्षांच्या पोराची दाढ किडली की घराघरात एकच उत्तर मिळतं, "दुधाचीच आहे, पडेल." पडेल, पण कधी? पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडतात. मागच्या दुधाच्या दाढा १० ते १२ वर्षांपर्यंत तोंडात असतात. तोवर त्या मुलानं एका बाजूनं जेवायचं आणि रात्री गाल धरून रडायचं? स्वतःच्या दाढेत कळ आली तर आपण दुसऱ्या दिवशी दवाखाना गाठतो.

दुधाच्या दातांचं कवच पातळ असतं. कीड लवकर आतल्या नसेपर्यंत पोचते, हिरडीवर पुळी येते, गाल सुजतो. दाढ अकाली काढावी लागली तर तिच्यामागची पक्की दाढ पुढे सरकते आणि नव्या दाताची जागा अडवते. मग वेडेवाकडे दात आणि तारांचा खर्च. ही पक्की दाढ साधारण सहाव्या वर्षी, एकही दात न पडता, सगळ्यात मागे उगवते. आईबाप तिलाही दुधाचीच समजतात. ती गेली की तिच्या जागी दुसरी येत नाही.

चॉकलेटला शिव्या घालून मोकळं होता येणार नाही. लहानग्यांचे दात खाते ती झोपताना तोंडात दिलेली साखरेच्या दुधाची बाटली. झोपेत लाळ कमी सुटते, गोड रात्रभर दातांवर राहतं, जंतू त्याचं आम्ल करतात. वरचे पुढचे चार दात आधी काळे पडतात. दिवसभर हातात दिलेलं बिस्किटही तेच करतं. साखर किती खाल्ली याइतकंच किती वेळा खाल्ली, हेही महत्त्वाचं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून अंगणवाडी आणि सरकारी शाळांतल्या मुलांची तपासणी होते, त्यात दातही आहेत. तिथून दवाखान्यात नेण्याची चिठ्ठी आली तर ती दप्तरात पडून राहू देऊ नका.

पहिला दात दिसला की ब्रश सुरू करा. फ्लोराइडची पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, तीन वर्षांनंतर वाटाण्याएवढी. सात-आठ वर्षांपर्यंत ब्रश तुमच्या हातात हवा. आज रात्री मुलाचा वरचा ओठ उचलून उजेडात पाहा. हिरडीलगत खडूसारखा पांढरा पट्टा दिसला तर ती किडीची सुरुवात आहे. खड्डा पडायच्या आधी ती थांबवता येते, म्हणून याच आठवड्यात दातांच्या डॉक्टरकडे जा.