कागदमुक्तीचा तराजू

आमच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेने यंदा असा ठराव एकमताने संमत केला की, यापुढे संस्थेचा समग्र कारभार कागदविरहित पद्धतीने चालावा. आणि हा ठराव सर्वांच्या निदर्शनास यावा म्हणून चिटणीसांनी त्याच्या प्रती छापवून घरोघरी वाटल्या, एक जिन्याखालच्या फलकावर डकवली, एक लिफ्टमध्ये लावली, एक इतिवृत्ताच्या बाडात चिकटवली आणि प्रती पोहोचल्याच्या सह्या घेण्यासाठी एक निराळा कागद फिरवला. काही नतद्रष्ट सभासद यावर हसले म्हणतात. हसण्यासारखे त्यात काही नव्हते. ज्या देशात सही-शिक्क्यावाचून घडलेली गोष्ट घडलेलीच नसते, तेथे कागद नाहीसा व्हावयाचा असेल तर त्यालाही रीतसर कागद लागणारच.

कार्यालयातून कागद हद्दपार होणार, हे भाकीत तसे जुने आहे. अमेरिकेतल्या एका व्यापारी साप्ताहिकाने 1975 सालीच ते छापून टाकले होते, अर्थात कागदावर. पुढे संगणक आले, त्यांच्यामागोमाग छपाईयंत्रे आली, आणि जो मसुदा पूर्वी कारकून एकदा टंकलिखित करून साहेबांपुढे ठेवीत असे, तो आता प्रत्येक स्वल्पविरामाच्या दुरुस्तीनंतर नव्याने छापून निघू लागला. म्हणून भविष्यवेत्त्यांच्या नादी न लागता, ज्याला या भाकिताचा पडताळा घ्यावयाचा असेल त्याने नाक्यावरच्या रद्दीवाल्याच्या दुकानात तासभर उभे राहावे, अशी आमची शिफारस आहे. समाजाच्या सवयी तेथे दर किलोने मोजल्या जातात, आणि काटा मारण्याची त्याची परंपरागत खोड वजा जाता त्या मोजणीत लबाडी नसते.

तेथे दिसते ते असे. वर्तमानपत्रांचे गठ्ठे पूर्वीपेक्षा किरकोळ झाले आहेत, कारण बातमी आता हातातल्या फोनवर उगवते आणि तेथेच मावळते. त्यातही इंग्रजी वर्तमानपत्राच्या रद्दीला मराठीपेक्षा भाव अधिक, ही वस्तुस्थिती मराठी भाषेच्या सर्व कैवाऱ्यांनी सोयीस्करपणे नजरेआड केलेली आहे. वर्तमानपत्रांनी सोडलेली जागा मात्र रिकामी राहिली नाही. ती पुठ्ठ्याने व्यापली. घरबसल्या मागविलेला साबण एका खोक्यात, ते खोके दुसऱ्या खोक्यात, आणि त्या पोकळीत चुरगाळलेला आणखी कागद, अशा थाटात येतो. वाचण्याचा कागद कमी झाला आणि गुंडाळण्याचा वाढला, हे आमच्या प्रगतीचे तराजूने दिलेले प्रमाणपत्र होय.

वास्तविक काटकसरीचा धडा आम्हांला परदेशातून आणण्याची आवश्यकता नव्हती. लग्नपत्रिकांची पाकिटे उसवून आतल्या कोऱ्या बाजूवर दुधाचा हिशेब मांडणारे, विजेची बिले तारेत ओवून भिंतीवर टांगणारे, आणि मे महिन्यात मुलांच्या जुन्या वह्यांतील कोरी पाने सोडवून, दाभणाने शिवून, जूनसाठी कच्ची वही सिद्ध करणारे वडीलधारे घरोघर होते. पाठकोऱ्या कागदांचा त्यांचा गठ्ठा म्हणजे एक छोटेखानी खजिनाच असे, आणि त्यातला एक ताव मागावयाचा झाल्यास कारण सांगावे लागे. त्या पिढीने पर्यावरण हा शब्द क्वचितच उच्चारला असेल. आता त्यांचे नातू त्याच इमारतीत रद्दीसंकलनाचा उपक्रम राबवितात, त्याचा प्लास्टिकचा रंगीत फलक दोन मजले उंच लावतात, आणि उपक्रम संपल्यावर त्या फलकाचे काय करावे हे कोणासच उमगत नाही.

त्याहून मागे गेले तर जुन्नर-दौलताबादकडील कागदी लोक चिंध्या कुटून कागद करीत, म्हणजे पेशवाईचा कारभार बव्हंशी टाकाऊ वस्तूंवरच चालला असे म्हणावयास हरकत नाही. तो कागद टिकला. पुण्याच्या पेशवे दफ्तरात रुमालांत बांधलेली ती मोडी बाडे अद्याप शाबूत आहेत. रियासतकार सरदेसायांनी त्यांतून वेचून 45 खंड छापले, आणि इतिहासाचार्य राजवाड्यांनी जुन्या वाड्यांतून कागद धुंडाळून 1898 साली मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड सिद्ध केला. उद्याच्या राजवाड्यांना कोणत्या वाड्यात कोणाचा बंद पडलेला फोन सापडणार, आणि सापडलाच तर त्याचा परवलीचा शब्द कोणाच्या वंशजाकडे मागावयाचा, हा विचार मनात आला की आमचे कागदमुक्तीविषयीचे प्रेम किंचित ओसरते. बाजारातले बिल तर आताच इतिहासजमा होण्याच्या मार्गावर आहे. उष्णतेने उमटणाऱ्या त्या गुळगुळीत चिठोऱ्यावरची अक्षरे मालाच्या हमीची मुदत संपण्यापूर्वीच विरून जातात, आणि त्याची रासायनिक माखण पाहता तो कागद इतर रद्दीत मिसळूही नये.

सरकारदरबारी मात्र खरोखरच पुष्कळ सुधारणा झाली. 2018 सालच्या महाराष्ट्रदिनापासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला; तलाठ्याच्या पायऱ्या झिजवाव्या लागत नाहीत, आणि कायद्याने तो उतारा अस्सल मानला जातो. शेतकरी सेवाकेंद्रात जातो, तेथील मुलगा संगणकावरून उतारा काढून छापून देतो, तो घेऊन शेतकरी बँकेत जातो. बँकेतला मनुष्य त्या अस्सल उताऱ्याच्या दोन झेरॉक्स मागतो, त्यांवर अर्जदाराने स्वतःच ‘खरी प्रत’ म्हणून सही करावयाची असते, आणि नंतर हा सर्व संच स्कॅन करून पुन्हा संगणकात घातला जातो. येणेप्रमाणे जो दस्तऐवज संगणकातून निघाला तो तीन ठिकाणी कागद होऊन संगणकात परतला. खर्च तेवढा दप्तराच्या खात्यातून अर्जदाराच्या खिशात आला, आणि दप्तर कागदविरहित झाले.

या कागदाचे पुढे काय होते ते तर कोणी पाहातच नाही. पुनर्जन्म त्यालाही आहे, परंतु प्रत्येक जन्मी त्याची योनी खालावते, कारण लगद्यातले तंतू दर खेपेस आखूड होतात. साहेबांच्या सहीचा शुभ्र कागद पुठ्ठा होतो, पुठ्ठ्याची अंड्यांची तबके होतात, आणि पुढे तो कोणत्याच आकारास उभा राहात नाही. हा संसारचक्राचा गाडा ज्या बाया ओढतात त्यांनी 1993 साली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली. कचऱ्यातून कागद वेगळा काढण्याचे हे काम त्या उन्हातान्हात करतात, आणि आपण त्यांना उष्ट्या भाजीत भिजलेली वर्तमानपत्रे देतो. ओल्या रद्दीला भाव येत नाही, हे पदवीधर सभासदांना अजून सांगावे लागते.

सबब कागदमुक्तीची घाई झालेल्या तमाम खात्यांना, बँकांना आणि आमच्या चिटणीसांनाही एवढीच विनंती की, संगणक नंतर घ्यावेत. आधी अर्जाच्या तळाशी ‘सोबत खालील कागदपत्रांच्या दोन प्रती जोडाव्यात’ ही जी ओळ छापलेली असते, ती खोडावी.