लिलावात पिस्टन कसा जिंकावा

वर्धा नदीच्या काठी बसून परदेशातल्या अनोळखी माणसाकडून येझदीचा पिस्टन लिलावात घेणे ही एक विद्या आहे. ती कौंडण्यपूरकरांना शिकवणे म्हणजे खरे तर आगाऊपणा. रुक्मीने बहिणीची, रुक्मिणीची, शिशुपालाशी सोयरीक पक्की केली होती, वऱ्हाड दारात येऊन ठेपले होते, आणि ऐनवेळी अंबिकेच्या देवळापाशी श्रीकृष्णाचा रथ उभा राहिला. शेवटच्या क्षणी डाव मारणाऱ्यांचा मूळपुरुष आपल्याच गावचा जावई. फरक इतकाच, की रुक्मिणीची स्वतःची चिठ्ठी आधी गेली होती. पिस्टन चिठ्ठी पाठवत नाही. म्हणून पुढील नियम.

१. गाडीचे माप घेऊ नये. जावा-येझदी बनवणारा म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. तेव्हापासून अस्सल पार्ट दुर्मिळ, आणि दुर्मिळ म्हणूनच तो हवाहवासा. जुन्या २५० सीसी येझदीचा बोअर मुळात ६५ मिलिमीटरचा. पण घरच्या आबांनी मधल्या काळात सिलिंडर बोअर करून घेतला असेल, तर ६५चा कोरा पिस्टन आत खुळखुळेल. तिथे ओव्हरसाइज लागतो. मिस्त्री हेच सांगेल: "मोबाईलात पिस्टन कायले पाहून राह्यला बे? आंधी सिलिंडर त खोल!" त्याच्याकडे साफ दुर्लक्ष करावे. मोजमाप केले की लिलावातली निम्मी गंमत जाते.

२. वर्णनाचा अर्थ लावावा. 'जुन्या स्टॉकमधला नवा' म्हणजे गोदामात पडून गंजलेला. 'फोटोत दिसतो तसा' म्हणजे फोटोत जी बाजू नाही, तिथे तडा. 'किरकोळ दुरुस्ती' म्हणजे ती विकणाऱ्याला जमली नाही. 'बहुतेक गाड्यांना बसेल' म्हणजे त्याच्या गाडीला बसला नाही.

३. बोलीचे गणित समजून घ्यावे आणि विसरावे. ईबेसारख्या लिलावात आपण आपला कमाल आकडा गुपचूप टाकून ठेवतो. यंत्र आपल्या वतीने गरजेपुरतीच बोली वाढवते. जिंकणारा स्वतःच्या आकड्याइतके पैसे देत नाही. जो शेवटी हरला, त्याच्या आकड्याच्या किंचित वर देतो. म्हणजे तुमच्या पिस्टनची किंमत तुम्ही ठरवत नाही, तुमच्याखालचा वेडा ठरवतो. शहाण्या माणसाने मनातला आकडा एकदाच टाकावा, फोन पालथा ठेवावा आणि हरभऱ्याला पाणी द्यायला जावे. तुम्ही तसे करू नका. दर दोन मिनिटांनी थोडे थोडे वाढवत राहा. समोरच्याचे नाव चांदण्यांनी झाकलेले असते, त्यामुळे त्याचा राग करणे सोपे जाते. 'पिस्टन मिळो न मिळो, हा हरलाच पाहिजे' असे वाटू लागले, की समजावे, आता खरा लिलाव सुरू झाला.

४. पोस्टमनशी आधीपासून सलोखा ठेवावा. ईबेने २००४ मध्ये बाझी डॉट कॉम विकत घेऊन भारतात बस्तान बसवले आणि २०१८ मध्ये इथले दुकान बंद झाले. त्यामुळे आता बोली परदेशात, वाहतूक खर्च वेगळा आणि वर कस्टम ड्युटी. पोस्टाने आलेल्या पार्सलावरची ड्युटी पोस्टमन दारात मागतो. मोठ्याने, आकड्यासकट, घरातले सगळे ओसरीवर बसलेले असताना. दिवाळीची पोस्त यंदा थोडी वाढवून द्यावी.

५. अंगावरचे सामान. थंड मुलुखातले चामड्याचे जॅकेट लिलावात स्वस्त पडते. ते घालून मे महिन्यात, पारा ४५ वर असताना, तिवस्यापर्यंत जाऊन यावे. वजन उतरवण्याचा वेगळा खर्च वाचतो. हेल्मेट मात्र वापरलेले घेऊ नये. एकदा आपटलेल्या हेल्मेटचा आतला फोम दबतो आणि बाहेरून काही कळत नाही. शिवाय १ जून २०२१ पासून देशात दुचाकीचे हेल्मेट आयएसआय शिक्क्याशिवाय विकता येत नाही. या अख्ख्या मार्गदर्शनात एवढा एकच नियम खरोखर पाळण्याजोगा आहे.

६. प्रतिस्पर्ध्याचा छडा लावावा. जुनी येझदी अजून पुसूनपासून ठेवणारे या भागात आहेत तरी किती? चांदण्यांमागचा वेडा नदीपलीकडे आर्वीतच बसलेला असू शकतो. मिस्त्री दोघांचा एकच, त्याला विचारावे. तो म्हणेल, "आर्वीवाले भाऊ कालच येऊन गेले. कोनीतरी रातभर भाव वाढवून राह्यला म्हने, त्याहीची झोप उडाली."

मग आर्वीच्या भाऊंना चहाला बोलवावे. यंदाची बोली त्यांनी लावायची, पुढची आपण, असे हातावर हात मारून ठरवावे. आणि घरी आल्यावर लिलाव संपायच्या दहा सेकंद आधीचा गजर लावून ठेवावा. भाऊंनीही लावलेला असतो.