न्हाणीखालच्या घुशीस खुलं पत्र

घुशे,

पत्राच्या आरंभी नमस्कार घालतात. तुला घालणार नाही. वाशीम जिल्ह्यात काळ्या मातीवर उभ्या असलेल्या आमच्या घरांचं तू जे करतेस, त्यानंतर कोणाचे हात जुळतील?

सकाळी न्हाणीच्या पाइपाशेजारी ओल्या मातीचा ढीग असतो. शहाबादी फरशीवर टाच आपटली की खालून पोकळ आवाज येतो. जोत्यात दाबून भरलेला मुरूम तू रात्रीतून उकरून बाहेर फेकलास. जुन्या घरांच्या पायात दगड आणि मातीचा गारा. गारा तू काढतेस, दगड अधांतरी ठेवतेस.

खरा घात पावसाळ्यात होतो. काळी माती पाणी प्याली की फुगते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. घरं यानंच बेजार. त्यात तुझ्या बिळातून पत्र्यावरचं पाणी थेट पायाखाली उतरतं, एक कोपरा फुगतो, दुसरा कोरडाच राहतो आणि खिडकीपासून तिरपी चीर निघते. एक घर उभं करताना माणसाची अर्धी हयात जाते गं!

सोयाबीनची सोंगणी झाली, पोती घरात आली, की तुझा मुक्काम हलत नाही. दाणे खातेस ते खातेस, वर तुझ्या मुताबरोबर लेप्टोस्पायरोसिसची धास्ती ठेवून जातेस.

तरी विष घालणार नाही. झिंक फॉस्फाइड चाटून वाचलेली घूस पुन्हा त्या आमिषाला तोंड लावत नाही. बिळात विषारी वायूच्या गोळ्या टाकाव्यात, तर वायू फरशीच्या फटींतून घरात शिरतो. निजलेल्या लेकरांचा जीव टांगून मला तुझा बंदोबस्त नको. आणि ब्रोमॅडिओलोन खाल्लेली तुझी पिल्लं गिळून गव्हाणी घुबड दगावतं. ते आणि धामण, हेच तर आमचे राखणदार.

तेव्हा ऐक. आज सांजेला बिळाची सगळी तोंडं मातीनं बुजवतो. सकाळी जे उकरलेलं दिसेल, तिथं तू आहेस. तिथंच पिंजरा लागेल, आत तेलकट भजं. तू निघालीस की बिळात फुटक्या काचा, वरून काँक्रीट. न्हाणीच्या पाइपाला लोखंडी जाळी. पोती भिंतीपासून लांब, फळ्यांवर. घराभोवती बाहेर उतरती फरशी, म्हणजे पाणी पायाशी थांबणार नाही.

यंदाच्या सोयाबीनच्या पैशातून लेकीची कॉलेजची फी भरायची होती. त्यातले पैसे आता सिमेंट-गिट्टीला जातील. ती रक्कम मी तुझ्या नावावर मांडली आहे.

घरधनी